उजनीच्या काठावर तंबूत दोन रात्री

हिवाळ्याची चाहूल लागली की घरोघरी सहलीचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो लोणावळा, महाबळेश्वर किंवा कोकण या तीन नावांवर येऊन थांबतो. मुलांना तंबूत झोपायचे असते, दादीला पाठ टेकायला पलंग हवा असतो, अब्बांना नमाजसाठी पाक-साफ जागा हवी असते. अम्मीचे मागणे सगळ्यांत साधे: दोन दिवस हातात झारा-पलिता नको. या चारही गोष्टी एका ठिकाणी जुळवता येतात. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही, पण आधी थोडी आखणी करावी लागते.

आम्ही सुचवतो आहोत तो भाग पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आहे. भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी गावाजवळ 1980 साली धरण पूर्ण झाले आणि मागे दूरवर पाणी पसरले. या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. इंदापूर, दौंड, कर्जत आणि करमाळा या तालुक्यांच्या काठांना हे पाणी भिडते. दक्षिणेकडून नीरा नदी येते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. दोन्ही नद्यांच्या काठांवर कुठे मुरमाची टेकाडे आहेत, कुठे काळ्या मातीच्या उभ्या दरडी, तर कुठे पाण्यापर्यंत उतरत गेलेला उघडा माळ. दरडीवर उभे राहिले की खाली पाणी आणि वर आभाळ, मध्ये काही नाही. शहरातल्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलांनी एवढे मोकळे आभाळ सहसा पाहिलेलेच नसते.

राहायचे कुठे?

तंबूतल्या मुक्कामाचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे स्वतःचा तंबू, सतरंज्या आणि चूल घेऊन जाणे. दुसरा हल्ली ‘ग्लॅम्पिंग’ या नावाने ओळखला जातो: मोठा, उभे राहता येईल असा तंबू, आत पलंग-गादी, दिवा, जवळच संडास-बाथरूम आणि जेवण यजमानाकडे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या सुना आणि लहान मुले बरोबर असतील तर पहिल्या खेपेला दुसराच प्रकार निवडावा, असे आमचे मत आहे. तरुण मुलांनी हवे तर त्याच आवारात आपला छोटा तंबू ठोकावा.

बारामती परिसराला शेतावरच्या पाहुणचाराची सवय आहे. राज्यात कृषी पर्यटनाची कल्पना सुरुवातीला जिथे रुजली, त्या भागांत बारामती येते. 2020 साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही मंजूर केले आणि अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न ‘नोंदणी आहे का?’ हाच विचारावा. नोंदणी असली म्हणजे सगळे उत्तमच असेल असे नाही, पण निदान कोणीतरी जबाबदार आहे हे कळते.

जलाशयाच्या काठावर दिसेल त्या मोकळ्या जागेत तंबू ठोकणे योग्य नाही. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन ‘कोणाचीच नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात ती धरणासाठी संपादित झालेली सरकारी जमीन असते. पाणी उतरेल तसा तिथे गाळपेर करणारा शेतकरी असतो, जाळी वाळवणारा मच्छीमार असतो. धरणात गावेच्या गावे गेली. पळसदेवचे जुने दगडी मंदिर आजही पाणी खाली गेले की वर डोकावते. ज्यांची घरे या पाण्याखाली आहेत त्यांच्याच काठावर आपण पाहुणे म्हणून जातो. तेव्हा विचारून राहणे, हाच शिष्टाचार.

फोनवर विचारायचे प्रश्न

आगाऊ पैसे पाठवण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने यजमानाशी सविस्तर बोलावे. आम्ही तीन घरांची मिळून अकरा माणसे गेल्या हिवाळ्यात गेलो, तेव्हा ही यादी कागदावर लिहून ठेवली होती.

तंबू किती अंतरावर आहेत, आणि शेजारी दुसरा गट असेल तर मध्ये आडोसा आहे का? बायकांसाठी वेगळे बाथरूम आहे का, त्याला आतून कडी आहे का, रात्री वाटेवर दिवा असतो का? दादीसाठी जमिनीवरची गादी चालणार नाही. उंच पलंग आहे का? संडास कमोडचा आहे का? आवारात दारू चालते का? रात्री मोठ्याने गाणी लावतात का? हा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखे होते, पण आधी विचारले की रात्री अकरा वाजता वाद घालावा लागत नाही. एका ठिकाणी आम्हाला प्रामाणिक उत्तर मिळाले, ‘शनिवारी कंपनीची पोरं येतात, तुम्ही आतल्या वारी या.’ आम्ही जागाच बदलली, आणि सांगणाऱ्याचे आभारही मानले.

पैशांचे बोलणेही स्पष्ट असावे: माणशी दर किती, किती वर्षांखालच्या मुलांना अर्धा, कशाकशाचे वेगळे पैसे, आणि कोणी आजारी पडल्यामुळे बेत रद्द झाला तर आगाऊ रकमेचे काय? उत्तरे मोबाईलवर लेखी मागवून ठेवावीत.

केव्हा जायचे?

नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. याच दिवसांत भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात दूरदूरचे पक्षी उतरतात. गुलाबी पंखांचे रोहित, ज्यांना अग्निपंखही म्हणतात, चक्रवाक, कुरव, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब. चित्रबलाक मात्र इथलेच रहिवासी. भादलवाडीच्या तलावावर आणि इंदापूर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर ते वर्षानुवर्षे घरटी बांधत आले आहेत.

रोहित पाहायचे असतील तर वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी पाहावी. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी बुडवून गाळातले बारीक जीव टिपतो. पाऊस चांगला होऊन धरण काठोकाठ असले तर त्याला उभे राहायला उथळ जागाच उरत नाही. अशा वर्षी तो उशिरा येतो किंवा पाणी उतरेल तसा जागा बदलतो. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, आणि टक्केवारी मोजतात ती त्यावरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे तीस टक्के’ अशा बातम्या येतात. मुलांना हे गणित वहीवर मांडून दाखवले तर धरण म्हणजे काय ते चटकन कळते.

तारीख ठरवताना आपले हिजरी कॅलेंडरही कामाला येते. लहान मुले पहिल्यांदाच उघड्यावर राहणार असतील तर 13 ते 15 तारखेच्या आसपास जावे. रात्रभर चांदणे असते, भीती वाटत नाही. तारे पाहायचे असतील तर महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस निवडावेत.

डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे थंडी चांगलीच बोचते, पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. तंबूत थंडी वरून कमी आणि जमिनीकडून जास्त येते. म्हणून अंगावर दोन रजया घेण्यापेक्षा अंगाखाली एक जाड घोंगडी घालावी.

तंबू कुठे लावावा?

स्वतःचा तंबू लावणार असाल तर चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, दरडीच्या कडेला तंबू नको. लाटांनी खालची माती पोखरलेली असते आणि वरून दरड धडधाकट दिसते. कडेपासून निदान तंबूच्या पाच-सहा लांबींएवढे अंतर ठेवावे, आणि मुलांना दिसेल अशी दोरी मध्ये बांधावी. रात्री लघवीला उठलेले मूल अंधारात कुठे जाईल याचा विचार करून ही दोरी बांधायची.

दुसरी, ओसरत्या पाण्याकाठचा गाळ. वरून तडे गेलेला, सुकलेला दिसतो. आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. मुलांना तिथे खेळायला सोडू नये.

तिसरी, धरणाखालच्या नदीपात्रात मुक्काम करू नये. नरसिंहपूरच्या संगमाला दोन्हीकडून धरणांचे पाणी येते. भीमेवर वर उजनी आहे आणि नीरेवर वीर. वर पाऊस नसला तरी पाणी सोडले की पात्र चढते. संगम काठावरून पाहावा, वाळूत तंबू ठोकू नये.

चौथी, उसाच्या फडाला लागून राहू नये. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात अलीकडच्या वर्षांत बिबट्याचा वावर वाढला आहे. घोणस, नाग, मण्यार हेही इथले रहिवासी आहेत. रात्री हातात बॅटरी आणि पायात बूट असल्याशिवाय कोणी तंबूबाहेर पडू नये, सकाळी बूट झटकूनच घालावेत, आणि लहान मुलांना एकटे सोडू नये. साप चावलाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. माणसाला शांत ठेवावे, चावलेला भाग हलू देऊ नये आणि 108 वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वन खात्याचा मदत क्रमांक 1926 आणि तातडीचा 112, हे दोन्ही घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

प्रवासात रात्री मुक्काम करताना रस्ता सोडून उतरावे, कारण रात्री ती वाट जनावरांची आणि किड्या-मुंग्यांची असते, आणि झोपण्यापूर्वी विस्तव विझवावा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आज कोणताही अनुभवी भटका हेच दोन नियम आधी सांगेल. शेगडी किंवा पेटते कोळसे थंडीसाठी तंबूत नेऊ नयेत. बंद तंबूत त्यांचा वायू झोपेतच जीव घेतो.

होडीत बसण्यापूर्वी

पहाटेची होडीची फेरी हा या सहलीचा गाभा. काठावरचे मच्छीमारच होड्या चालवतात आणि पक्षी कुठे उतरलेत हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. फज्र झाली की निघावे. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो; त्या वेळी वारा पडलेला असतो आणि पाणी आरशासारखे असते.

हे वेळेचे पथ्य केवळ फोटोसाठी नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात याच जलाशयात उलटली. एक जण पोहत काठाला आला. सहा जणांचा अंत झाला. त्यांत दोन लहान मुले होती. इथले पाणी इतके रुंद आहे की वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. लाट उठायला वेळ लागत नाही.

म्हणून आमच्या घराने ठरवलेला नियम असा: प्रत्येकाला, तान्ह्या मुलालासुद्धा, मापाचे लाइफ जॅकेट नसेल तर होडी नाही. ‘पाणी उथळच आहे’ हे उत्तर स्वीकारायचे नाही. बुरखा, ओढणी किंवा शालीवरून जॅकेट घालावे, आत नाही. पट्टे घट्ट आवळावेत. दुपारनंतर फेरी नाही. ढग आले, वारा सुटला तर पैसे गेले तरी चालतील, फेरी नाही. आमच्या खेपेला एका काठावर मोठ्यांची जॅकेटे होती, मुलांची नव्हती. मोठी मंडळी दोन फेऱ्यांत जाऊन आली आणि मुले मामूंबरोबर काठावरूनच दुर्बिणीतून पाहत बसली. थोडी रुसली, पण मग राखी बगळा मासा गिळताना दिसला आणि रुसवा गेला.

होडीवाल्याला सांगावे की पक्ष्यांच्या जवळ नेऊ नका. थवा उडाला की फोटो छान येतो, पण हजारो मैल उडून आलेल्या पाखराचे खाणे सुटते. भडक कपडे टाळावेत.

नमाज, किब्ला आणि पाणी

पुण्यातून भिगवण सोलापूर रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर. कसरचे अंतर हनफी उलमांत कोणी सुमारे 77, तर कोणी 92 किलोमीटर धरतात, आणि ते आपल्या शहराच्या वेशीपासून मोजायचे असते. शाफई घराण्यांत, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी कुटुंबांत, सफरमध्ये दोन नमाजा एकत्र करण्याचीही सवलत आहे. निघण्यापूर्वी आपल्या मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे, म्हणजे तिथे चर्चा रंगत नाही. बारामती-इंदापूरचेच असाल तर प्रश्नच नाही, नमाज पूर्ण.

मोकळ्या माळावर किब्ला शोधताना पुष्कळजण मावळत्या सूर्याकडे तोंड करतात. डिसेंबरात ते बरोबर नाही. या भागातून मक्का मुकर्रमा नेमक्या पश्चिमेपेक्षा सुमारे 12 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरातला सूर्य मात्र पश्चिमेपेक्षा सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो. दोन्ही मिळून फरक 37 अंशांच्या आसपास जातो. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीची रुंदी सुमारे 10 अंश भरते. तेव्हा मावळत्या सूर्यापासून उजवीकडे पावणेचार मुठी मोजाव्यात. रात्री आणि फज्रला ध्रुवतारा उपयोगी पडतो. तो बरोबर उजव्या खांद्याकडे घेतला की तोंड पश्चिमेला होते, मग थोडे उजवीकडे वळावे. मोबाईलचे होकायंत्र आहेच, पण मुलांना ही मुठीची मोजणी इतकी आवडते की मगरिबला सफ लावण्याआधी मुठी मोजायला चढाओढ लागते.

पाण्याबाबत एक इशारा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून शेवटी याच जलाशयात उतरते. कित्येकदा पाणी हिरवे दिसते. हे पाणी पिऊ नये, स्वयंपाकालाही वापरू नये. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाच लिटर धरले तर अकरा जणांना दोन दिवसांचे 110 लिटर होतात. म्हणजे 20 लिटरचे सहा जार. वजूसाठी यजमानाच्या बोअरचे पाणी आणि एक तोटीचे भांडे पुरते. वाहत्या नदीवर असलात तरी वजूत पाणी उधळू नका, ही शिकवण इथे जास्तच पटते. पाण्याच्या काठावर, वाटेवर आणि सावलीत कोणी घाण करू नये, हेही आपल्याला शिकवलेलेच आहे. म्हणून बाळाचे डायपर, प्लास्टिकच्या ताटल्या, उरलेली हाडे, सगळे पिशवीत भरून परत आणावे.

जेवण आणि अम्मीची सुट्टी

इथे एक मोठी सोय आहे: मासे. भिगवण मासळीसाठी प्रसिद्ध आहे. चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम असे गोड्या पाण्यातले मासे काठावरच मिळतात आणि माशाला जबहचा प्रश्न येत नाही. तळायचे तेल आणि तवा वेगळा आहे का, एवढे विचारले की पुरे. मटण-चिकन हवे असेल तर बारामती, भिगवण किंवा इंदापूरच्या आपल्या माणसांच्या दुकानातून न्यावे.

पण त्याआधी यजमानाचे घर पाहावे. संत तुकाराम महाराजांची पालखी याच बारामती-इंदापूरच्या वाटेने पंढरीला जाते. इथे माळकरी घरे पुष्कळ आहेत. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माउलीच्या चुलीवर मटण शिजवायचे का, असे विचारणेसुद्धा बरे नाही. अशा घरी पिठले-भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचे भरीत खावे. आणि थंडीतला हुरडा! गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसे भाजून, हातावर चोळून, गरम दाणे गुळाबरोबर तोंडात टाकायचे. आमच्या दादींनी दोन वाट्या हुरडा खाल्ला आणि मग यजमानीणबाईंशी त्यांची अशी गट्टी जमली की दोघी ज्वारीच्या भाकरीला पाणी किती कढत हवे यावर तासभर बोलत होत्या.

एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांत सहल म्हणजे पुरुषांची आणि मुलांची सुट्टी. बायका तीच कणीक, तोच कांदा फक्त उघड्यावर, वाऱ्यात आणि धुरात करतात. मग पुढच्या वर्षी बेत निघाला की त्याच आधी नको म्हणतात. म्हणून कामाची वाटणी निघण्यापूर्वी करावी. आमच्यात चहा आणि न्याहारी चाचांकडे होती, भांडी तरण्या मुलांकडे, अंथरुणे मुलींकडे आणि लहानग्यांची झोप त्यांच्या अब्बांकडे. सफरमध्ये एकाला अमीर नेमावे, अशी आपली रीत आहे. या खेपेला अमीर फुफीला केले. हिशेबही चोख राहिला आणि कोणी उशिरा उठले नाही.

दोन रात्रींचा आराखडा

पुण्याहून निघणाऱ्यांनी शुक्रवारी जुमा आटोपून निघावे. सायंकाळपर्यंत मुक्कामी पोहोचून उजेडातच तंबू, बाथरूम आणि वाटा साऱ्यांना दाखवून घ्याव्यात. मगरिबनंतर नवी जागा शोधत फिरू नये.

शनिवारी पहाटे होडी, मग न्याहारी आणि दुपारची झोप. तिसऱ्या प्रहरी गवताळ माळ पाहावा. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य 1997 साली घोषित झाले. तिथे चिंकारा दिसतो. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावरही चिंकारे आहेत आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. वन खात्याच्या परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच जावे. बरोबर वयस्क माणसे असतील तर ती दुपार इंदापुरात घालवावी. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांच्या गढीचे गाव ते, आणि तिथेच चाँदशाहवलींचा दर्गा आहे.

रविवारी फज्रनंतर काठावर फिरावे, कचरा गोळा करावा, आणि जुहरपर्यंत परतीला लागावे. सोमवारी शाळा असते.

सामानात घालायच्या वस्तूंपैकी विसरतात त्या एवढ्याच: जादा बॅटरी, दादींच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डासांचे मलम, जाड कापडाची जानमाज, मुलांसाठी शिट्टी आणि एक दोरी. शिट्टी गळ्यात अडकवून मुलाला सांगावे: हरवलास तर धावू नकोस, आहेस तिथेच थांब आणि तीनदा वाजव. घरीच एकदा तालीम करून घ्यावी. शेजारी तक्रार करतील, पण तेवढे चालते.